पाठीला माती लागू देऊ नका!

‘डेडलिफ्टने पाठीचे नक्की कुठले मसल्स होतात?’

या कॉलमला येणाऱ्या मेल्समध्ये सध्या हा प्रश्न एकदम टॉपवर आहे. विचारणारे सगळे तुमच्या-माझ्यासारखेच. दिवसभर खुर्चीत, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये आणि उरलासुरला तासभर जिममध्ये. ट्रेनर म्हणतो, ‘लोअर बॅक’. शेजारी आरशात बायसेप्स बघत उभा असलेला मित्र म्हणतो, ‘लॅट्स, यार, लॅट्स!’ आणि घरी आई म्हणते, ‘कंबर मोडून घेशील, ठेव ते खाली!’ आता या तिघांपैकी ऐकायचं कुणाचं?

तर दोस्तांनो, एका वाक्यातलं उत्तर असं, की मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचे जवळजवळ सगळे स्नायू डेडलिफ्टमध्ये कामाला लागतात. पण ते हलून काम करत नाहीत, जागच्या जागी घट्ट राहून करतात. सगळी गंमत या ‘पण’मध्ये आहे. तो समजला तर पाठ बनते. नाही समजला तर एमआरआयचं बिल बनतं!

आणि हा ‘पण’ नीट बघायचा असेल तर शहरातल्या एसी जिमपेक्षा डिसेंबरातलं वारणानगर जास्त बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतेच. पण आधी पाठीचा नकाशा समजून घेऊ.

पाठीचा नकाशा

सगळ्यात आधी येतो ‘इरेक्टर स्पायनी’. नाव भारदस्त आहे, पण वस्तू ओळखीची. शर्ट काढून आरशाकडे पाठ केली, की मणक्यांच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे दोन उभे उंचवटे दिसतात ना, तेच. कंबरेच्या मागच्या हाडापासून निघून थेट कवटीपर्यंत ते गेलेले असतात. त्यांच्या तीन पट्ट्या असतात. डेडलिफ्टमध्ये वजन तुम्हाला पुढे वाकवायला बघतं आणि हे दोरखंड म्हणतात, नाही वाकणार. डेडलिफ्टचा पाठीवरचा सगळ्यात मोठा भार यांच्यावर असतो. त्यांच्या खाली, अगदी मणक्याला चिकटून, ‘मल्टिफिडस’ नावाचे छोटे छोटे स्नायू असतात. ते आरशात कधीच दिसणार नाहीत. पण एक मणका दुसऱ्यावर घसरू नये, हे बघणारे वॉचमन तेच.

दुसरे ‘लॅट्स’. पूर्ण नाव लॅटिसिमस डॉर्साय. कंबर आणि पाठीच्या खालच्या अर्ध्या भागातून पंख्यासारखे पसरत ते काखेखालून दंडाच्या हाडाला जाऊन मिळतात. सलमानछाप ‘व्ही शेप’ म्हणतात तो यांच्यामुळे. डेडलिफ्टमध्ये यांचं काम एकच, पण जाम महत्त्वाचं. बार अंगापासून लांब पळू द्यायचा नाही, नडगी-मांडीला लगटून वर आणायचा.

तिसरे ‘ट्रॅप्स’, म्हणजे ट्रॅपेझियस. मानेच्या मागून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत, अगदी पतंगाच्या आकाराचे. हातात लोंबकळणारं वजन खांदे खाली ओढतं, तेव्हा खांद्यांना धरून ठेवतात ते हे. त्यांच्याच खाली, पाठीचा कणा आणि खांद्याची फळी यांच्यामध्ये, ‘ऱ्हॉम्बॉइड्स’ असतात. दिवसभर कीबोर्डवर वाकून बसल्यावर संध्याकाळी जिथे हात पोचत नाही नेमकं तिथे दुखतं, ती त्यांची जागा!

आणि हो, बार प्रत्यक्षात वर कोण नेतं? पाठ नाहीच मुळी! ते काम नितंबांचे ग्लूट्स आणि मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग्ज करतात, सुरुवातीला मांडीचा पुढचा भागही मदतीला येतो. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. ओढतात बैल. दांडीचं काम फक्त वाकायचं नाही, एवढंच. डेडलिफ्टमध्ये कंबरेखालचे मसल्स म्हणजे बैल आणि पाठ म्हणजे दांडी.

म्हणूनच नुसते लॅट्स फुगवायचे असतील तर पुल-अप्स आणि रोइंग जास्त कामाचे, कारण तिथे लॅट्स लांब-आखूड होतात. डेडलिफ्टचा फंडा वेगळा आहे. ओझं असताना न हलण्याची ताकद तो देतो.

बिजागरी कुठे असते?

आता चला वारणानगरला. पन्हाळा तालुक्यातलं, वारणा नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. दुधाच्या पिशवीवर आणि श्रीखंडाच्या डब्यावर हे नाव तुम्ही हजारदा वाचलं असेल. तुमच्यातले काही जण तिथल्या इंजिनीअरिंग कॉलेजातून आज हिंजवडीत येऊन बसले असतील. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांनी इथे साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती गाव वसलं. १९९८ मध्ये आसपासच्या सत्तर गावांना कॉम्प्युटरने जोडणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पही इथेच सुरू झाला होता. तात्यासाहेबांच्या स्मरणार्थ दर डिसेंबरात इथे कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. महाराष्ट्रातले नामी मल्ल तर येतातच, पंजाब-हरियाणाचेही येतात.

मैदानात बसलं, की एक गोष्ट चटकन लक्षात येते. कुस्तीची सगळी भाषाच पाठीची आहे. हरला म्हणजे काय, तर पाठ टेकली. हरलाच नाही तर ‘त्याच्या पाठीला माती लागली नाही’. दोन्ही खांदे जमिनीला लागले की खेळ खल्लास. त्यामुळे पैलवान आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळतो, ती म्हणजे पाठ. जोर मारताना, बैठका काढताना, पट काढून समोरच्याला उचलताना तिची शिस्त सुटत नाही. तुमचा-माझा बार निदान गप्प पडून असतो हो! तिथे ऐंशी-नव्वद किलोचा जिवंत माणूस हातात वळवळत असतो.

मैदान सुरू व्हायच्या आधी एका वयस्कर वस्तादांशी बोलत होते. मी जिममध्ये जाते, बार उचलते, हे ऐकून त्यांना मजा वाटली. म्हणाले, ‘उचलून दाखीव बघू.’ बार कुठून आणणार? मग नुसतीच वाकून दाखवायची पोज घेतली. ते बघत राहिले आणि म्हणाले, ‘बराबर हाय पोरी. पाठ काय बिजागरी न्हवं. बिजागरी खुब्यात असती. दार तिथनं उघडायचं.’

बायोमेकॅनिक्सचं अख्खं चॅप्टर तीन वाक्यांत! इंग्रजीत याला ‘हिप हिंज’ म्हणतात आणि हिंज म्हणजे बिजागरीच.

पाण्याच्या जारचं गणित

पाठ न वाकवण्यावर एवढा जोर का, ते ऑफिसातल्या उदाहरणाने बघू. कूलरवर ठेवायचा वीस लिटरचा पाण्याचा जार. म्हणजे वजन साधारण २० किलो. तुम्ही तो हात लांब करून, कंबरेत वाकून उचलला. समजा, जार तुमच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर लांब आहे. आता मणक्याला सावरणारे इरेक्टर स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. सी-सॉची एक बाजू लांबलचक, दुसरी एवढीशी. ५ सेंटिमीटर धरलं तर २० गुणिले ४० भागिले ५, म्हणजे त्या स्नायूंना १६० किलोइतका जोर लावावा लागतो. तोही फक्त जारसाठी. तुमच्या वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तोच जार पायांजवळ घेऊन, मणक्यापासून २५ सेंटिमीटरवर ठेवून उचला. आकडा १००वर येतो. जार तोच, माणूस तोच, फरक फक्त अंतराचा. मघाशी म्हटलं ना, लॅट्सचं काम जाम महत्त्वाचं? ते याच्यासाठी.

आणि जड ओझ्याखाली कणा कमानीसारखा वाकला, की भार स्नायूंवरून सरकून मणक्यांमधल्या चकत्या आणि लिगामेंट्सवर जास्त जातो. स्नायू थकतात आणि रात्रीत सावरतात. चकतीचं तसं नाही, तिला सावरायला फार वेळ लागतो.

दुसरी पाठ

वारणानगरला डिसेंबरातच जा, असं मी म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे. तेव्हा कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. मैदानाकडे जाणाऱ्या त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असते. जरा फडाकडे वळलात, की डेडलिफ्ट करणारी आणखी माणसं दिसतात. त्यांना हा शब्द माहीत नाही, एवढंच.

ऊसतोडीचं काम मी आधीही लांबून पाहिलं होतं. या वेळी पाठीचा नकाशा डोक्यात ठेवून पाहिलं. आधी कमरेत वाकून ऊस बुडख्याशी तोडायचा. मग वाढं छाटायचं, मोळी बांधायची. ती जमिनीवरून उचलून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची. इरेक्टर, ट्रॅप्स, ग्लूट्स, हॅमस्ट्रिंग्ज... मैदानातल्या पैलवानाचे जे मसल्स, तेच इथेही. मग पैलवानाची पाठ चाळिशीत भिंतीसारखी का दिसते आणि इथली चाळिशीतली बाई कमरेवर हात ठेवून का उठते?

गणित करू. समजा, मोळी २५ किलोची. एक टन ऊस म्हणजे ४० मोळ्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. कोयत्याने दिवसाला दोन टन भरला तर ८० मोळ्या, म्हणजे माणशी ४०. तुमच्या जिममध्ये तीन सेट गुणिले पाच, म्हणजे १५ रेप्स. तेही आठवड्यातून दोनदा, मध्ये तीन-तीन मिनिटं मोबाइल बघत! यांचे ४० रोजचे, वाकून तोडणी झाल्यावरचे आणि असे चार-पाच महिने.

एका बाईंना विचारलं, ‘पाठ दुखत नाही का?’ त्या हसल्या. ‘दुखती की. पर खाडा पडला की पैसं कापत्यात.’ खाडा म्हणजे सुट्टी. मुकादमाकडून हंगामाआधी जी आगाऊ रक्कम घेतलेली असते, तिला या धंद्यात काय म्हणतात माहितीये? ‘उचल’. ती उचल फिटेपर्यंत ही उचल थांबत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने त्यावर समिती नेमली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण म्हणून तेव्हा पुढे आलं. एक रेस्ट डे नसण्याची किंमत कुठपर्यंत जाते, बघा.

कारखान्यातली साखरेची पोतीही पूर्वी १०० किलोची असायची. हमाल ती पाठीवर वाहायचे. आता पोतं ५० किलोचं झालंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली होती, की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर नसावं. आपण शंभर किलोचा डेडलिफ्ट मारला की रील टाकतो. त्या हमालांसाठी शंभर किलो हा पर्सनल बेस्ट नव्हता, तो साधा मंगळवार होता.

मेहनत, खुराक, झोप

तर मुद्दा हा, की पाठ वजनाने बनत नाही. वजन फक्त तिला धक्का देतं. ती बनते त्यानंतरच्या जेवणात आणि झोपेत. तालमीत हे शतकभर माहीत आहे. पहाटे मेहनत, मग बदामाची थंडाई, दूध, मटण आणि दुपारची गाढ झोप. वस्ताद पोराला पहिल्या दिवशी हजार जोर मारायला लावत नाही. आज जेवढे झाले त्याच्यावर उद्या थोडे. मापात वाढवायचं, हेच सगळं शास्त्र.

याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचं उदाहरण घ्या. २०१४ च्या ग्लासगो कॉमनवेल्थ गेम्समध्ये या एका छोट्या गावाचे तीन वेटलिफ्टर ब्राँझ घेऊन आले. ५६ किलो गटात गणेश माळी, ६९ मध्ये ओंकार ओतारी आणि ९४ मध्ये चंद्रकांत माळी. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये डेडलिफ्ट हा वेगळा प्रकार नसतो. पण बार जमिनीवरून सुटून गुडघ्यांपर्यंत येतो, ती पहिली ओढ बरीचशी तशीच. पाठ दांडीसारखी, जोर पायांचा. ती वर्षानुवर्षं रोज थोडी थोडी घोटलेली असते. एका पावसाळ्यात असं मेडल येत नाही, बॉस!

चला, आता तुमची पाळी

पहिला आठवडा बारला हात लावू नका. झाडूचा दांडा घ्या. तो पाठीला उभा लावा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून, ढुंगण मागे ढकलत वाका. दांडा कुठूनही सुटला तर बिजागरी चुकली. आरशासमोर रोज दहा वेळा. घरचे हसतील, हसू दे.

दुसऱ्या आठवड्यात बार. पुरुषांचा स्टँडर्ड बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. मोठ्या प्लेट्स लावल्या की तो जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटर उंच येतो. लहान प्लेट्स असतील तर खाली ठोकळे ठेवून तेवढी उंची करून घ्या, नाहीतर उगाच जास्त वाकाल. बार पावलांच्या मध्यावर हवा. नडगी बारला टेकवा. काखेत पेपर दाबून धरल्यासारखे लॅट्स आवळा. पोटात श्वास भरा आणि कुणीतरी गंमत म्हणून गुद्दा मारणार आहे, असं समजून पोट घट्ट करा. या आतल्या दाबाने कण्याला पुढून आधार मिळतो. आता बार ओढू नका, पायांनी जमीन खाली ढकला. वर गेल्यावर मागे झुकून हिरोगिरी नको, सरळ उभं राहिलं की झालं. खाली येताना आधी ढुंगण मागे, मग गुडघे.

आठवड्यातून दोनदा, पाच रेप्सचे तीन सेट, बस्स. सगळे रेप्स सुबक झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. दुसऱ्या दिवशी पाठीत जडपणा वाटणं ठीक आहे. पण कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, तर जिम बंद आणि डॉक्टर सुरू. तिथे ट्रेनरचा सल्ला चालणार नाही आणि माझा तर नाहीच.

आणि मुलींनो, ‘डेडलिफ्टने पुरुषी दिसू का?’ हा प्रश्न आता पुरे. पंधरा किलोच्या बारने तसं काहीही होत नाही. त्या फडातल्या बायका वर्षानुवर्षं याहून जड उचलतायत. त्यांना कुणी हे विचारलेलं नाही.

बाकी तुमच्या ट्रेनरने ‘रेस्ट डे’ सांगितला असेल तर त्या दिवशी गुपचूप जिमला जाऊ नका. नीट जेवा, आठ तास झोपा, वाटलं तर टेकडीवर फिरून या. आपल्याला ही सुट्टी कुणी कापून घेत नाही. आणि सोमवारी ऑफिसात पाण्याचा जार बदलायला तो काका आला, की त्याला ‘थांबा, मी एक बाजू धरतो’ म्हणा. जार अंगाजवळ घ्या आणि बिजागरी खुब्यात ठेवा.

पुढच्या आठवड्यात : एकही पुल-अप न येणाऱ्यांसाठी पुल-अप्स!